आदल्या दिवशीचा बाप

दुकान दत्तक घ्यायला एक पोरगी येणार आहे, असं आप्पांनी सांगितलं तेव्हा मी टॉवेलांच्या घड्या घालत होतो. माणसं मूल दत्तक घेतात, हल्ली शहरात झाडंही दत्तक घेतात म्हणे. दुकान दत्तक घेतात हे मी छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

"नांदेडच्या कॉलेजात नवा कोर्स निघालाय," आप्पा म्हणाले. "ज्या दुकानाला वारस न्हाई तिथं पोरं पाठवून राहिलेत. सहा महिने शिकायचं. मालकाला पटलं तर दुकान त्यांनी चालवायचं, मालकाला वाटा द्यायचा."

"अन् पुण्याचे दादा?" मी त्यांच्या मुलाचं विचारलं.

"त्याला इरकल अन् चादर ह्यातला फरक कळंना. तो म्हणतो, इकून टाका."

मल्लिनाथ आप्पांचं कापडाचं दुकान लातूरच्या गोलाईत साठ वर्षांपासून आहे, आणि त्यातली चौतीस वर्षं मी, शिवशंकर, तिथल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून साड्या उलगडतो आहे. दुकानाला वारस नाही हे आप्पा माझ्यासमोर, माझ्या हातात टॉवेल असताना म्हणाले. दुकान मला द्या असं मी कधीच म्हणालो नसतो. दहावी नापास माणूस, माझी ऐपत मला ठाऊक. पण मला एकदा विचारायला आप्पांचं काय जात होतं? मी नाहीच म्हणालो असतो. तरी विचारायचं होतं.

मग आदिनाथ सर आले. कोर्स त्यांचाच. पाठीला सॅक लावलेला तरुण माणूस, बोलायला गोड. "नवं दुकान काढायला धाडस लागतं, काका," ते मला म्हणाले, "पण चाललेलं दुकान हातात घ्यायला समज लागते. आम्ही मुलांना तेच शिकवतो." बोलणं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी एक फॉर्म काढला. दुकान किती जुनं, जागा कुणाची, गिऱ्हाईक कुठून येतं. चाकूर, शिरूर अनंतपाळ, औसा, थेट मुदखेडपर्यंत, आप्पा सांगत गेले आणि सर लिहीत गेले. खाली एक रकाना होता, दुकानातली माणसं. सरांनी माझ्याकडे पाहून हसून लिहिलं: सेल्समन, एक. आणि पुढच्या रकान्यात गेले.

चौतीस वर्षं अशी एका शब्दात बसतात हे मला त्या दिवशी कळलं.

डिसेंबरात पोरगी आली. वर्षाराणी. शिरूर अनंतपाळची, वडील शाळेत शिपाई. पहिल्याच दिवशी तिने चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मला म्हणाली, "मामा, मला काहीच येत न्हाई. शिकवा." मला राग धरायला जागाच ठेवली नाही तिने. तरी मी तो धरला. माणसाला राग धरायचाच असला की जागा सापडते.

पोरगी हुशार होती. महिन्यात सुती कुठली, मिसळीच्या धाग्याची कुठली हे बोटांनी सांगायला लागली. गिऱ्हाइकाच्या म्हातारीला आधी पाणी द्यायचं, मग माल दाखवायचा, हे न सांगता उचललं. जानेवारीत तिने एकेका साडीला काळ्या रेघांचं स्टिकर लावलं. कुठली साडी दुकानात आहे, कुठली गेली, सगळं तिच्या मोबाइलवर दिसायचं. मी म्हणालो, "माझ्या डोक्यात हाय की सगळं." ती म्हणाली, "तुमचं डोकं मला कुठं मिळायचं, मामा? म्हणून हे." आप्पा खळखळून हसले. मी हसलो नाही.

दर शनिवारी ती सरांना आठवड्याचा अहवाल पाठवायची आणि पाठवण्याआधी मला विचारायची, "मामा, अजून काय शिकायचं राहिलं?"

"काही न्हाई," मी म्हणायचो. "सगळं आलं तुला."

ते खोटं होतं. एक गोष्ट राहिली होती, आणि आमचं दुकान उभं होतं ते त्या एका गोष्टीवर.

आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते बस्त्यासाठी. लग्नाचे सगळे कपडे एका दिवशी, एका दुकानात, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून घ्यायचे. वीस-पंचवीस माणसं गादीवर बसतात, चहा होतो, रुसवेफुगवे होतात. आमच्या भागात बऱ्याचदा बोली अशी होते की कपडे दोन्हीकडचे मुलीच्या बापाने करायचे. म्हणजे निवडणार वराकडचे आणि खिसा बापाचा. चारचौघांत "एवढं भारी नको" असं बापाला म्हणता येत नाही. म्हटलं तर लेक आयुष्यभर टोमणे खाते.

म्हणून बाप आदल्या दिवशी येतो. एकटा. आत गादीवर बसत नाही, बाहेर तिसऱ्या पायरीवर बसतो. आप्पा उठून त्याच्याशेजारी जाऊन बसतात. तो हळू आवाजात सांगतो, माझी पोच इथपर्यंत. आप्पा मान हलवतात. तो गेला की त्याच्या पोचेपलीकडचा सगळा माल माळ्यावर जातो. दुसऱ्या दिवशी वराकडच्यांनी भारीतलं मागितलं तर आप्पा हात जोडतात, "काल संपलं बघा. आधी का न्हाई आलाव?" आणि कापड मोजायचा लोखंडी गज उचलून साड्यांच्या ढिगावर आडवा ठेवतात. गज आडवा पडला की दुकानातल्या कुणीही पुढचा माल उघडायचा नाही. हा आमचा कायदा. कुठल्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

मी एकदा आप्पांना म्हणालो होतो, हे खोटं बोलणं झालं. आप्पा म्हणाले, "आपला धंदाच अंग झाकायचा हाय. कुणाचं लुगड्यानं झाकायचं, कुणाचं शब्दानं."

माझंही झाकलंय त्यांनी. माझ्या शिवांगीचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता ह्याच दुकानात होता. त्या दिवशी मी सेल्समन नव्हतो, गादीवर व्याह्यांशेजारी मुलीचा बाप म्हणून बसलो होतो. तिसऱ्या पायरीवर जायला मला लाज वाटली होती. रोज ज्या मालकाच्या हाताखाली काम करायचं त्याला काय सांगायचं? विहीणबाईंनी जरीचा शालू मागितला. सकाळी मीच त्याची घडी घातली होती. आप्पांनी हात जोडले. "तो कालच गेला, आक्का." आणि गज आडवा ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यांनी. न सांगता ओळखलं होतं.

एवढं सगळं ज्याच्या वाट्याला आलं त्या माणसाने पुढे काय केलं, ते ऐका.

वर्षाराणीने एकदा विचारलं होतं, "मामा, आप्पा मधेच गज असा आडवा का ठेवतात?" मी म्हणालो, "हात भरून येतो म्हातारपणी." तिने विश्वास ठेवला.

मार्चअखेरीला आप्पा गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला निघाले. रिक्षात बसता बसता त्यांनी माझा दंड धरला. "पोरीला आदल्या दिवशीचं सांगितलंस का?"

"सांगतो, आप्पा."

"सांगतो न्हाई, सांग. मोबाइल तिला येतो. हे तुझ्याबिगर दुसऱ्याला येत न्हाई. मी आलो की सरांना बोलावून दुकानाचं ठरवू."

मी हो म्हणालो. एप्रिल उजाडला, लग्नसराई सुरू झाली, आणि मी सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकललं. मनात म्हणायचो, एवढं एक माझ्यापाशी राहू दे. हेही दिलं तर सेल्समन, एक, तोही कशाला हवा?

चाकूरचे सिद्धेश्वर आले ते एका मंगळवारी संध्याकाळी. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, नखांत काळं ऑइल कायमचं बसलेलं. थोरल्या दोन लेकींचे बस्ते त्यांनी आमच्याकडेच बांधले होते. आत डोकावून ते तिसऱ्या पायरीवर बसले. वर्षाराणी मागच्या बाजूला सरांशी फोनवर बोलत होती.

"आप्पा न्हाईत?"

"मी हाय की. बोला."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "ही शेवटची, शिवगंगा. स्थळ चांगलं हाय, मुदखेडचं. पोरगा रेल्वेत हाय. कपडे दोन्हीकडचे आपल्याकडं. बाकी सगळं निभंल, शिवामामा, पण विहीणबाईच्या साडीपाशी माझा जीव अडकलाय. लई हौशी बाई हाय. घरी अन् पाहुण्यांनाबी सांगून आलोय की लातूरला बॅटरी बघायला चाललो." आणि त्यांनी आपली पोच सांगितली. ती सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या रसवंतीकडे पाहिलं.

"चिंता सोडा," मी म्हणालो. "त्याच्या वरचा धागा पाहुण्यांच्या नजरंला पडणार न्हाई. माझा शब्द."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग उठून बसस्टँडकडे गेले.

मी सात कांजीवरम काढल्या, जुन्या चादरीत बांधल्या आणि माळ्यावर नेऊन ठेवल्या. खाली उतरलो तर वर्षाराणी शिडीपाशी उभी. "मामा, वर काय नेलंत?"

"जुना माल," मी म्हणालो. तेव्हाही वेळ होती. दोन वाक्यांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दोन जीप भरून माणसं आली. वराची आई सिंधुबाई पुढे, अंगावर मोरपंखी साडी, नजर कपाटांवरून आधीच फिरायला लागलेली. सिद्धेश्वर मागे, इस्त्रीचा शर्ट घालून. शिवगंगा आईला चिकटून बसली. पहिले दोन तास छान गेले. वराचा सूट झाला, करवल्यांचे ड्रेस झाले, मानापानाच्या साड्या झाल्या. शिवगंगाने डाळिंबी रंगाचा शालू निवडला आणि तो मांडीवरून खाली ठेवायलाच तयार नव्हती. पदरावरचे मोर बोटाने मोजत बसली होती. वर्षाराणी तिला म्हणाली, "हा तुमच्यासाठीच विणलाय." पोरगी लाजली.

मग सिंधुबाई माझ्याकडे वळल्या. "आता माझं दाखवा. ह्या न्हाईत, ह्या तर सगळ्याच नेसतात. भारीतली कांजीवरम काढा."

"संपल्या, ताई," मी हात जोडले. "लग्नसराई हाय. कालच शेवटची गेली."

सिद्धेश्वरांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

वर्षाराणीने मोबाइल काढला. अंगठा वरखाली केला. "मामा, सात दिसून राहिल्यात की! काल तुम्ही वर नेलेलं गाठोडं, ते तर न्हाई?" तिने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं पाडायचं तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. म्हातारा मामा विसरला असेल, आपण सावरून घेऊ, एवढंच.

गज माझ्या मांडीशी होता. उचलून आडवा ठेवायचा आणि "अगं, त्या दुसऱ्याच्या हायत" एवढं म्हणायचं. मी गजावर हात ठेवला. थंड लागला. सिद्धेश्वर माझ्या हाताकडे बघत होते; दोन लेकींच्या बस्त्यात त्यांनी तो गज आडवा पडताना पाहिला होता. आणि नेमका त्या वेळी मला तो फॉर्म आठवला. सेल्समन, एक. म्हटलं, पडू दे तोंडावर. कळू दे सगळ्यांना की मोबाइलने दुकान चालत नाही.

मी हात काढून घेतला. म्हणालो, "बघ बाई. तुझ्या मोबाइलला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

ती खुशीत शिडी चढली. गाठोडं घेऊन खाली आली, चादर सोडली, आणि सातही साड्या सिंधुबाईंच्या पुढ्यात एकावर एक उलगडल्या. मी शिकवलं होतं तशा, मनगट न हलवता. जरीचा उजेड पडला. बाया पुढे सरकल्या.

सिंधुबाईंनी साडीला हात लावला नाही. आधी त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "संपल्या होत्या ना?"

"मामांच्या ध्यानात न्हाई राहिलं," वर्षाराणी घाईने म्हणाली. "कालच संध्याकाळी वर ठेवल्या त्यांनी."

"काल संध्याकाळी." सिंधुबाईंनी मान सावकाश फिरवली. बाई हौशी होती, पण मूर्ख नव्हती. "काल संध्याकाळी तुमी बी लातूरलाच होता न्हाई का, व्याही? बॅटरी मिळाली का?"

वराकडचं कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-चौघं हसले. सिद्धेश्वरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते माझ्याकडे पाहतील असं वाटलं होतं, त्यांनी पाहिलं नाही. गादीच्या काठावरचा एक सुटलेला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला.

"बांधा," ते म्हणाले. "त्यांना जे आवडंल ते बांधा."

सिंधुबाईंनी दोन घेतल्या. एक स्वतःला, एक नणंदेला. पहिली कदाचित हौस असेल. दुसरी शिक्षा होती.

बिल करायची वेळ आली तेव्हा शिवगंगाने मांडीवरचा डाळिंबी शालू उचलला, नीट घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला. "हा नको," ती म्हणाली. "रंग अंगावर खुलंना झालाय. आईचा शालू हाय घरी, त्योच नेसते मी. मला पहिल्यापासून त्योच आवडतो." आवाज अजिबात कापला नाही तिचा. तिच्या आईने तोंडाला पदर लावला. वर्षाराणी काही म्हणायला गेली आणि मधेच थांबली. तिला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं.

जीप गेल्या. डाळिंबी शालू तिथेच गादीवर पडला होता. मला वाटलं होतं, पोरगी हरली की मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"मामा," वर्षाराणीने विचारलं, "गज आडवा ठेवला की काय होतं?"

मी सांगितलं. गजाचं सांगितलं, तिसऱ्या पायरीचं सांगितलं. चार महिने दाबून ठेवलेलं पाच मिनिटांत सांगून झालं.

"मग आज का न्हाई ठेवला?"

"इसरलो."

"तुमी इसरत न्हाई. दहा वर्षांमागच्या गिऱ्हाइकाच्या सुनंचं नाव तुमच्या ध्यानात असतंय."

मग मी भडकलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसा. "मग तुझ्या सरांना विचार की! त्यांच्या पुस्तकात असंल. चौतीस वर्षांत मी जे शिकलो ते तुला सहा महिन्यांत पाहिजे, आयतं, ताटात वाढून!"

ती रडेल असं वाटलं. ती रडली नाही. "आयतं न्हाई मागितलं," ती म्हणाली. "दर शनिवारी इचारून मागितलं." तिने तो शालू उचलला, कागदात गुंडाळला आणि कपाटात सर्वांत वर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने चाकूरला गेली. सिद्धेश्वरांना काय बोलली, ते काय बोलले, मला कधी कळलं नाही. दुपारी परत आली तेव्हा कागदात गुंडाळलेला शालू तिच्या हातात तसाच होता. "न्हाई घेतला," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरचा बस्ता आमच्याकडे बांधला त्या घरची पत्रिका दुकानात येते, आणि पाकिटावर आप्पांच्या खाली माझं नाव असतं. अशा पत्रिकांचा गठ्ठा माझ्या घरी ट्रंकेत आहे. आठवड्याने सिद्धेश्वरांची पत्रिका आली. पाकिटावर आप्पांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, वर्षाराणीताई. मी पाकीट उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

लग्नाला ती गेली. परत आल्यावर मी न विचारताच म्हणाली, "आईचाच शालू नेसली होती. लई गोड दिसत होती." माझ्याकडे न बघता म्हणाली.

आप्पा काठी टेकत आले ते मेच्या शेवटी. दोन दिवसांनी आदिनाथ सर नांदेडहून आले. गादीवर आम्ही चौघं बसलो. सरांनी सॅकमधून तोच फॉर्म काढला, आता त्याला बरीच पानं जोडलेली होती. गिऱ्हाईक वाढलं होतं, पडून राहिलेला माल निघाला होता. सर खूश होते. मग त्यांनी एक पान काढलं आणि गंभीर झाले.

"वर्षाराणीने स्वतःच एक चूक लिहून पाठवलीय," ते म्हणाले. "चाकूरच्या एका गिऱ्हाइकाचा बस्ता. तिने न विचारता माळ्यावरचा माल खाली आणला आणि मुलीच्या वडिलांची बेइज्जती झाली. मला हे नीट समजून घ्यायचंय. तिला ती पद्धत ठाऊक नव्हती, ठीक. पण दुकानात जाणतं माणूस होतं ना? काका, तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

सर वाकडं विचारत नव्हते. पेन उघडून उत्तराची वाट पाहत होते. तिथेच होतो, एवढं म्हणायचं होतं. त्या एका वाक्यात माझी चौतीस वर्षं जाणार होती.

"मामा जेवायला गेले होते, सर," वर्षाराणी म्हणाली.

मी मान वर केली. ती सरांकडे बघत होती, सरळ, शांतपणे. मग तिने गजावरची धूळ पुसल्यासारखं केलं आणि तो साड्यांच्या ढिगावर आडवा ठेवला.

आप्पांनी गजाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव. दुपारची येळ व्हती ना. शिवशंकर जेवायला जातो त्या टायमाला."

सरांनी लिहून घेतलं. मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा गप्प बसलो, तेही लिहायला हवं होतं कुठेतरी.

"पोरीला दुकान दिलं," आप्पा सरांना म्हणाले. "अजून काय बघायचं ऱ्हायलं न्हाई."

सरांना सोडायला वर्षाराणी रस्त्यापर्यंत गेली तेव्हा आप्पांनी काठी माझ्या गुडघ्यावर ठेवली. "सिद्धेश्वरचा फोन आलता मला पुण्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझा हात गजावर व्हता म्हणला. मग तू काढलास म्हणला."

मी खाली बघत राहिलो.

"शिवांगीच्या बस्त्याला तुझं एकदा झाकलं. आज दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझ्या अंगात जोर न्हाई, शिवशंकर."

"आप्पा, तुमी मला एकदा तरी इचारायचं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं. लहान मुलासारखं निघालं.

आप्पा म्हणाले, "हाव. ते माझं चुकलं." आणि काठी टेकत आत गेले. त्यांनी ते कबूल करायला नको होतं. मला धरायला राग तरी उरला असता.

त्याच संध्याकाळी औशाकडचा एक माणूस आला. डोक्याला टॉवेल, हातात रिकामी पिशवी. आत डोकावला आणि तिसऱ्या पायरीवर बसला. मला ओळखत होता, हाताने बोलावलं. वर्षाराणीने पाहिलं आणि न सांगता आतल्या बाजूला सरकली, मला वाट करून देत.

मी उठलो. पायरीपर्यंत गेलो. आणि माझ्याच्याने खाली बसवेना.

"वर्षा," मी हाक मारली. "हिकडं ये. इथं बस."

ती आली, त्या माणसाशेजारी पायरीवर बसली. तो गोंधळला. तिच्याकडे पाहून मला म्हणाला, "मामा, ह्या पोरीपुढं बोलू का?"

"बोला," मी म्हणालो. "दुकान आता हिचं हाय. अन् तुमचा शब्द माझ्यापाशी ऱ्हायचा न्हाई. हिच्यापाशी ऱ्हाईल."

त्या माणसाने समोरच्या रसवंतीकडे तोंड फिरवलं आणि खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. मी ऐकायला थांबलो नाही. रस्ता ओलांडून तीन चहा सांगायला गेलो, मग माझा एक कमी केला.